परतीची तार

खोली पहिल्या मजल्यावर, खाली भुसार मालाची आडत, आणि जिना असा अंधारा की पहिल्यांदा जागा बघायला गेले ती भर दुपारी, मोबाइलचा टॉर्च लावून, भिंत चाचपत. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एकावरून आत वळलं की ही इमारत. तुरीच्या नि सोयाबीनच्या पोत्यांमधून वाट काढायची, पंधरा पायऱ्या चढायच्या, की डाव्या हाताला माझं दार.

तोवर मी घरातच, पुढच्या खोलीत बसून लोकांचे हिशेब लिहायचे. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि माणसं वाढली, कागद वाढले. एक दिवस सासूबाईंनी दिवाणावरच्या फायली गोळा केल्या, त्यांना सुतळी बांधली आणि तो गठ्ठा माझ्या हातात ठेवला. बोलल्या काही नाहीत. मी जागा बघायला लागले.

"लाइट हाय की वर," शेटजी म्हणाले. "मीटर वेगळं हाय. तुमाला काय, बटन दाबायचं नि बसायचं."

बटन दाबलं की लागत होतं, हे खरं. माझ्या आधी तिथं टायपिंगचे क्लास होते. ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली होती. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली वायर, लाकडी बोर्ड, त्यावर काळी गोल बटनं. साफसफाईच्या दिवशी मी एका होल्डरात एलईडी बल्ब लावला आणि दिवे लागायच्या वेळेला बंद करून निघाले. दारातून वळून बघते तर बल्ब विझलेलाच नाही. उजेड पडत नव्हता, पण काजव्यासारखा मंद जळत होता. बटन दोनदा दाबून पाहिलं. तसाच.

दुसऱ्या दिवशी मामा आले. आमच्या गल्लीतलं निम्मं वायरिंग मामांच्या हातचं. आयटीआय झालेले. त्या प्रमाणपत्रावर त्यांच्या धंद्याला 'तारतंत्री' म्हटलंय आणि मामांना त्याचा फार अभिमान. 'वायरमन' म्हटलं तर ओ देतात, 'लाइटवाले' म्हटलं तर देत नाहीत. स्टुलावर चढून, बटन बंद असताना त्यांनी होल्डरला टेस्टर लावला. टेस्टरच्या पोटातला लाल दिवा पेटला.

"बटन बंद हाय म्हणलालाव ना ताई? मग हे कामून पेटलालंय?"

मग त्यांनीच सांगितलं. बटन फेजवर हवं, म्हणजे बंद केल्यावर दिव्यापर्यंत करंटच पोचत नाही. इथं ते न्यूट्रलवर बसवलेलं. परतीची वाट बंद, म्हणून दिवा विझायचा, पण फेज होल्डरपर्यंत येऊन उभाच. जुन्या पिवळ्या बल्बला त्याचं काही वाटायचं नाही. एलईडीला मात्र तारांमधून झिरपणारा कणभर करंटही पुरतो, म्हणून तो काजवा. "येड्यानं दोनी तारा लालच वापरल्यात," मामा म्हणाले. "कोनची जानारी नि कोनची येनारी, कळावं कसं?" लाल जाणारी, काळी परत येणारी, हिरवी जमिनीत जाणारी. एवढं पाळलं तरी पुढच्या माणसाचा जीव वाचतो. इथं बहुधा दुकानात त्या दिवशी लालच बंडल शिल्लक असावं.

मीटर जिन्याखाली होतं. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही, ते महावितरणचं काम. आपला संसार त्याच्या पुढं सुरू होतो. पुढं होता एक गंजलेला मेन स्विच, त्यात चिनी मातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारे ठोकळे. मामांनी एक उपसून माझ्यापुढं धरला. फ्यूजची तार केसासारखी असायला हवी, तिथं तांब्याच्या वायरीचे सात-आठ पदर पिळून बसवले होते. "ह्याला फ्यूज म्हणत नाईत ताई, खिळा म्हणतेत. घर जळंल पन हे जळनार नाई." तिथून वर खोलीत जाणारी वायर अॅल्युमिनियमची, आणि वर बोर्डात तिला तांब्याची वायर पिळून जोडलेली. त्या जोडावरची टेप काळी पडून कडक झाली होती. या दोन धातूंचं पटत नाही. अॅल्युमिनियमवर गंजाचा थर धरतो, जोड सैल पडतो, सैल जोड तापतो, आणि तापला की आणखी सैल होतो. मामांनी टेप नखानं सोलली तेव्हा आतून जळक्या रबराचा वास आला. मी तेव्हाच ठरवलं, यातलं काही ठेवायचं नाही. मीटरपासून पुढं सगळं नवं.

पण 'सगळं' म्हणजे किती? इथं मात्र मला माझ्या धंद्यातलं काहीतरी सापडल्यासारखं वाटलं. मी वही काढली. चार ट्यूब, २० वॅटच्या. दोन पंखे, ७५ चे. दोन कॉम्प्युटर, दीडशे-दीडशे धरले. कूलर २००. बेरीज ७३०. त्याला २३० नं भागलं की सव्वातीन अँपिअरही भरत नाहीत. मी खूश. मामांनी वहीत न बघताच विचारलं, "चाय कशावर करनार?" किटली राहिलीच होती. १५०० वॅट म्हणजे एकट्या किटलीचे साडेसहा अँपिअर, अख्ख्या ऑफिसच्या दुप्पट. लेझर प्रिंटरही दिसतो गरीब, पण कागद शेकायच्या क्षणी हजाराच्या आसपास ओढतो. म्हणजे माझ्या ऑफिसात खरा खर्च उजेडाचा नव्हताच, उष्णतेचा होता. किटलीला साधी सहा अँपिअरची पिन पुरणार नाही, सोळाचं सॉकेट हवं, त्याला वायर वेगळी, आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटन, तोही वेगळा.

मामा अजून वायरीचं माप जुन्या भाषेत बोलतात. तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, आजची साधारण एक-दीड स्क्वेअर एमएम. सात-बावीस म्हणजे अडीच. दुकानातला पोरगा पंचविशीचा, त्याला फक्त स्क्वेअर एमएम कळतं. काउंटरच्या दोन बाजूंना उभं राहून दोघं एकमेकांची भाषांतरं करत होते. दिव्यांना दीड, सॉकेटांना अडीच, मीटरपासून वरपर्यंत चार. नव्वद मीटरचं एकेक बंडल, लाल, काळं, हिरवं. हिरवं मी कमी घ्यायला निघाले होते, कारण 'त्यानं काही चालत नाही'. मामांनी न बोलता ते परत काउंटरवर ठेवलं.

माझ्या डोक्यात कन्सील्ड वायरिंग होतं. भिंतीत खाच मारायची, पाइप गाडायचा, वरून लिंपायचं, आणि भिंत स्वच्छ. मामांनी रस्त्याकडच्या भिंतीवर बोट फिरवलं. खिडकीच्या कोपऱ्यातून छतापर्यंत एक बारीक तिरपी रेघ गेली होती, चुन्याखालून जाणवणारी. १९९३ च्या ३० सप्टेंबरची. किल्लारीला जे झालं ते झालं, पण लातुरातल्या जुन्या भिंतींवरही भूकंपाची सही राहून गेली. मी तेव्हा शाळेत होते. त्या पहाटेनंतर किती दिवस आम्ही अंगणात झोपत होतो ते आठवतं, आणि अजूनही मालगाडी गेल्यावर खिडकी थरथरली की मी आधी छताकडं बघते. "या भितीला छन्नी लावायची नाई," मामा म्हणाले. मग पांढरी केसिंग पट्टी ठरली, भिंतीच्या वरून. भिंत फोडली नाही ते बरं झालं असं आता वाटतं: पट्टीचं झाकण काढलं की कुठली तार कुठं गेली ते दिसतं. गाडलेल्या तारांचा पत्ता फक्त गाडणाऱ्याला ठाऊक असतो.

तीन दिवस काम चाललं. मामांच्या हाताखालचा मुलगा खडूची दोरी ताणून भिंतीवर टणकन सोडायचा आणि सरळ निळी रेघ उठायची. त्या रेघेवर गट्ट्यांची भोकं, त्यात स्क्रू, त्यावर पट्टी. मला सगळ्यात आवडायचं ते मामा बोर्ड भरायचे ते. वायरीचं टोक पकडीत धरून सालटं असं ओढायचे की तांब्याचा एक पदरही तुटायचा नाही. मग उघडे पदर अंगठ्यानं पिळायचे, ते टोक मागं दुमडून दुहेरी करायचे आणि तसं भोकात सारून स्क्रू आवळायचे. आवळून झाल्यावर प्रत्येक तार एकदा ओढून बघायची. प्रत्येक. एकूण किती टोकं असतील? शंभराच्या वरच. मी विचारलं, "मामा, एखादी सुटली तर?" म्हणाले, "सुटलेली बरी ताई, दिवा लागत नाई म्हनून कळतं तरी. अर्धवट धरलेली वाईट."

न्यूट्रलच्या बाबतीत ते विशेष कडक. आमच्या गल्लीत एकदा खांबावरचा न्यूट्रल तुटला होता, ती संध्याकाळ त्यांना पाठ आहे. लोकांना वाटतं न्यूट्रल तुटला तर लाइट जाईल, एवढंच. पण वेगवेगळ्या फेजांवरची दोन घरं त्या एका परतीच्या तारेवर असतात. ती तुटली की करंट एका घरातून शिरून दुसऱ्या घरातून बाहेर पडतो, आणि दोघांवर मिळून ४०० व्होल्ट बसतात. ज्याच्या घरात चार पंखे चालू त्याच्याकडं दिवे मंदावतात, ज्याच्याकडं नुसता टीव्ही त्याचा टीव्ही जातो. त्या दिवशी गल्लीत सात टीव्ही गेले होते म्हणे. मामा आकडा सांगताना अजून हळहळतात, जणू त्यांचेच होते.

तिसऱ्या दिवशी अर्थिंग. मामांनी शंभरचा पिवळा बल्ब लावलेला होल्डर काढला, त्याच्या दोन मोकळ्या तारा. एक फेजवर, एक न्यूट्रलवर: बल्ब झळाळून पेटला. मग न्यूट्रलवरची तार काढून जुन्या बोर्डाच्या अर्थवर धरली. आतली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. "जमीन घेत नाई," मामा म्हणाले.

अर्थिंगचा खड्डा शोधायला आम्ही इमारतीमागं गेलो. तो रिकाम्या पोत्यांच्या ढिगाखाली निघाला. जमिनीत गेलेला लोखंडी पाइप, त्याच्या तोंडावर गंजलेलं फनेल, भोवती जमिनीला पडलेल्या भेगा. मे महिना. आपली काळी माती पावसाळ्यात पायाला सोडत नाही आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. पाइपाभोवती मीठ-कोळसा भरलेला असतो तो ओल धरून ठेवायला, पण ओल मुळात वरून यावी लागते. फनेल त्यासाठीच. उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालायचं असतं, हे खालच्या हमालकाकांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पाणी आलं, तेव्हा पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं आणि ते पाहायला स्टेशनावर गर्दी होती. त्या उन्हाळ्यात बादलीभर पाणी जमिनीत ओतणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. परळीचं वीजकेंद्रसुद्धा २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं होतं. आमच्याकडं वीज तयार व्हायला पाणी लागतं आणि नको तिथं गेलेली वीज जमिनीत मुरायलाही पाणीच लागतं.

मी पुन्हा वही काढली. समजा खड्ड्यानं अडवणूक केली ५० ओहमची. कूलरच्या पत्र्यात फेज उतरला तर जमिनीत जाणारा करंट २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सोळाचा एमसीबी तेवढ्याला ढिम्म हलणार नाही. म्हणजे अर्थिंग आहे, एमसीबी आहे, आणि तरी पत्रा जिवंत. हे गणित सुटल्यावर मला घाम आला, कूलर अजून यायचा होता तरी.

"म्हनून हे," मामांनी खोक्यातून आरसीसीबी काढली. पाणी तर त्यांनी घातलंच, मीठ-कोळसा नवा भरला, बल्ब पुन्हा लावून पाहिला तर पूर्ण पेटला. पण उन्हाळ्याच्या जमिनीवर भिस्त ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं. ही डबी काय करते ते त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर मीच पूर्ण केलं, कारण ती रोजमेळ लिहिते. फेजमधून गेलेलं आणि न्यूट्रलमधून परत आलेलं, दोन्ही बाजू सतत जुळवत बसते. किती गेलं याच्याशी तिला घेणं नाही. दहा अँपिअर गेले आणि दहा आले तर ती गप्प. फरक ३० मिलिअँपिअरवर गेला की मात्र, बाकीचं कुठंतरी गळतंय, कदाचित माणसातून, असं धरून ती खातंच बंद करते. बावीस वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला याहून जवळचं यंत्र कोणतं?

ऑफिस सुरू झालं. सोमवारी संध्याकाळी टप्प करून सगळं बंद. आरसीसीबीचं बटन खाली. वर केलं, पुन्हा खाली. थोडं थांबून वर केलं, राहिलं. मंगळवारी तसंच. कूलरचा संशय होता, पाण्याचं यंत्र ते. बुधवारी कूलरची पिन काढून ठेवली. तरी तसंच. प्रिंटर, किटली, एकेक करून सगळ्यांना तुरुंगात टाकून झालं. सवयीनं मी वेळा टिपून ठेवल्या होत्या: ६.५५, ७.०२, ६.५८, ७.०५. दिवसभर काही नाही. बरोबर दिवेलागणीला.

आमच्याकडं कामाला येणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, आधी इथं कोन होतं?" मी तिला गप्प बसवलं, पण सातच्या सुमाराला मीही त्या डबीकडं बघत बसायला लागले होते.

रविवारी मी एकटीच काम करत बसले, विवरणपत्रांची मुदत जवळ होती. सात वाजले. सव्वासात. साडेसात. काहीच झालं नाही. ताळेबंद न जुळताना एखादी नोंद अचानक दिसावी तसं मला दिसलं: रविवारी आडत बंद असते.

सोमवारी पावणेसातला मामांना बोलावून घेतलं आणि आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. हमालकाका आले, जिन्याच्या तोंडाशी एका खांबाआड हात घातला. वर, छताच्या कोनाड्यात, जाळ्याजळमटांत एक पिवळा बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. वरून मुलीचा आवाज, "मॅडम, गेलीऽ!" काकांनी वैतागून बटन बंद केलं. "तुमचं काम झाल्यापासून हा दिवा लागंना झालाय ताई," ते मलाच म्हणाले. "रोज चमकतंय नि विझतंय."

जिन्यात दिवा आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. मामांनी शिडी लावली, तारा मागं मागं पाहत गेले. फेज खालच्या आडतीच्या मीटरवरून आलेला. न्यूट्रल मात्र वरून, माझ्या खोलीच्या जुन्या बोर्डातून काढलेला. टायपिंगवाल्यांच्या काळात कुणीतरी, तार पुरेना म्हणून किंवा जवळ पडलं म्हणून, तो तिथून उचलला असणार. इतकी वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही. फेज शेटजींच्या खात्यातून निघायचा आणि माझ्या खात्यात जमा व्हायचा. ४० वॅटचा बल्ब, २३० नं भागलं तर १७० मिलिअँपिअर. माझ्याकडून न गेलेले १७० रोज संध्याकाळी माझ्याकडं परत यायचे, आणि ती डबी, तिला तीसचा फरक चालत नाही तिथं, कशी सहन करणार? ती दोन्ही तारा तोडायची, म्हणून माझी खोलीही अंधारी आणि त्याच फटक्यात काकांचा दिवाही. आम्ही आठवडाभर एकमेकांचा उजेड घालवत होतो आणि एकमेकांवरच चिडत होतो.

मामा हसत नव्हते. जुना बोर्ड काढताना ती एक तार कुठं जाते ते न बघता त्यांनी नव्या न्यूट्रलात जोडली होती. "माझी चूक हाय," एवढंच म्हणाले. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहा घेतला, किटलीतला.

दिवा एकाच मीटरवर घ्यायचा म्हटल्यावर शेटजींनी गादीवरून मान वर न करता सांगितलं, "मग तुमच्याच मीटरवर घ्या की. जिना तुमच्याचसाठी हाय." आडत्याशी हिशेबात जिंकता येत नाही हे मला माहीत होतं, पण मीही वही घेऊनच गेले होते. नऊ वॅटचा एलईडी, रोज पाच तास, महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. दिवा माझ्याकडं. बदल्यात मागच्या खड्ड्याला आठवड्याला एक बादली पाणी तुमच्याकडून, आणि पोती तिथून हलवायची. शेटजींनी पहिल्यांदा वर बघितलं. पाण्याची बादली म्हणजे काय, ते लातुरात सांगावं लागत नाही. बरंच घासाघीस झाल्यावर पिण्याचं नाही, वापरलेलं, असं ठरलं.

तेव्हापासून चहाच्या कपबशा विसळलेलं पाणी काका साठवून ठेवतात आणि शुक्रवारी फनेलात ओततात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "ह्याला काय फळ लागतंय व ताई?" मी समजावून सांगितलं. पटलं की नाही कळलं नाही, पण नेम चुकत नाही.

काल शुक्रवार होता. खिडकीतून बादली आपटल्याचा आवाज आला, मग जिन्याच्या तोंडाशी पावलं.

"ताई, खड्ड्याला पाजलंय. लावू का दिवा?"